‘रा. फिरस्ता’: जामीन मंजूर झाल्यानंतरचे साठ दिवस

प्रकरण मुंबईलगतच्या एका मध्यवर्ती कारागृहातील न्यायाधीन बंद्याचे, म्हणजे खटला अजून संपलेला नसलेल्या कैद्याचे आहे. वय २४, शिक्षण आठवीपर्यंत, काम सेंटरिंगचे. आरोप दोन मोबाइल चोरल्याचा: एक चहाच्या टपरीवरून, किंमत १२,००० रुपये, दुसरा मैदानाच्या कडेला ठेवलेल्या बॅगेतून, किंमत १७,००० रुपये. पोलीस ठाणी दोन, म्हणून गुन्हे दोन आणि न्यायालयेही दोन. दोन्हीकडे भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३(२), म्हणजे साधी चोरी, कमाल शिक्षा ३ वर्षे. दोन्हीकडे जामीन मंजूर झाला. तरीही पहिल्या आदेशानंतर तो ६० दिवस आणि दुसऱ्या आदेशानंतर ५१ दिवस आतच होता.

हे एकाच माणसाचे प्रकरण नाही. अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसणारे अडथळे एकत्र करून ते रचले आहे, त्यामुळे कोणाची ओळख पटेल असे त्यात काही नाही. कलमे आणि न्यायालयीन निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. पुढे ‘दिवस’ म्हटले की तो पहिल्या जामिनाच्या आदेशापासून मोजलेला दिवस समजावा. अटक त्याआधी १९ दिवस झाली होती.

पत्त्याचा रकाना

अटकेच्या कागदात पत्त्याच्या रकान्यात लिहिले होते: ‘रा. फिरस्ता, मूळ जि. बीड’. पोलिसांच्या लेखी ज्याच्याकडे स्थानिक पत्त्याचा कागद नाही तो फिरस्ता. प्रत्यक्षात हा मुलगा १४ महिने एकाच बांधकामाच्या लेबर कॅम्पमध्ये पत्र्याच्या खोलीत राहत होता आणि ठेकेदाराच्या हजेरी वहीत त्याची रोजची हजेरी होती. पण आधार कार्ड गावच्या पत्त्याचे, भाडेकरार नाही, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी नाही. त्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो देण्याची तसदी ठेकेदार सहसा घेत नाहीत.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे पोलिसांना अटकेची कारणे लिहावी लागतात, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. इथे कारण तयारच होते: कायम पत्ता नाही, पळून जाण्याची शक्यता. म्हणजे चोरीच्या आरोपाइतकाच हा एक शब्द त्याला कोठडीपर्यंत घेऊन आला, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तोच आडवा आला.

आदेशात काय होते

पहिला आदेश (दिवस ०): १५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचे एक किंवा अधिक जामीनदार.

दुसरा आदेश (दिवस ९): २०,००० रुपयांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार, शिवाय दर रविवारी सकाळी १० ते १२ पोलीस ठाण्यात हजेरी.

कुटुंबाने याचा अर्थ ‘३५,००० रुपये भरा म्हणजे सुटेल’ असा घेतला. हा गैरसमज सार्वत्रिक आहे आणि त्यात आठवडे जातात. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी: तारखेला हजर राहीन, न राहिल्यास ही रक्कम देणे लागेन. त्यासाठी आधी एक रुपयाही भरावा लागत नाही. जामीनदारही पैसे भरत नाही. आरोपी आला नाही तर तेवढी रक्कम द्यायची ऐपत आपल्यात आहे, एवढे त्याने न्यायालयाला पटवायचे असते. खरी अडचण पैशांपेक्षा कागदांची असते, आणि ज्याच्या ओळखीतले सगळे लोक त्याच्यासारखेच रोजंदारीवर आहेत त्याला कागदवाला माणूस कुठून मिळणार?

न्यायालयाच्या आवारात ‘जामीनदार लावून देतो’ म्हणणारे भेटतात. या प्रकरणातही चुलत्याला एकाने एका केसचे ६,००० रुपये सांगितले. हा रस्ता कधीच धरू नये. असे जामीनदार खोटी रेशनकार्डे, खोट्या पगारपावत्या घेऊन अनेक प्रकरणांत उभे राहतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८६ नुसार जामीनदाराने आपण आणखी कोणाकोणाला जामीन आहोत हे जाहीर करायचे असते; तिथे खोटे सापडले की जामीन रद्द होतो, बनावट कागदांचा नवा गुन्हा लागतो, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे आतल्या माणसाचे म्हणणे कोणी ऐकत नाही.

पहिले ३८ दिवस कुठे गेले

घरचे कोण? आई ऊसतोड कामगार. हंगाम चालू होता, ती टोळीबरोबर कोल्हापूर जिल्ह्यात होती, उचल घेतलेली असल्याने मध्येच निघता येत नव्हते. गावचे घर बंद. अटकेची खबर पोलिसांनी ज्या क्रमांकावर दिली तो शेजाऱ्याचा होता आणि तो बंद झालेला. मुलाचा स्वतःचा फोन जप्त मुद्देमालात होता. त्यातले क्रमांक त्याला पाठ नव्हते, आजकाल कोणालाच नसतात. कारागृहातला फोन पडताळणी झालेल्या क्रमांकांवरच लागतो. क्रमांकच नाही तर पडताळणी कशाची करणार?

वकील होते. गावच्या ओळखीतून एका सहकाऱ्याने रिमांडच्या वेळी खासगी वकील दिला होता. त्यांनी जामीन अर्ज केले, ते मंजूर झाले, ठरलेले काम संपले. जामीनदार उभा करणे हे वेगळे काम, त्याची वेगळी फी. इकडे लोकअभिरक्षक (मोफत विधी सहाय्याचे वकील) कार्यालयाच्या लेखी हा बंदी ‘खासगी वकील असलेला’ होता, त्यामुळे त्याचे नाव मोफत विधी सहाय्याच्या यादीत आले नाही. दोन्ही बाजूंना वाटत राहिले की दुसरा बघतो आहे.

खरे तर इतके दिवस जाऊ नयेत अशी व्यवस्था कागदावर आहे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनाच्या भाषणात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब बंद्यांचा विषय काढला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही आत असलेल्यांची माहिती मागवली. असे सुमारे ५,००० न्यायाधीन बंदी आढळले. त्यांपैकी २,३५७ जणांना विधी सहाय्य मिळाले आणि १,४१७ सुटले. मग ३१ जानेवारी २०२३ रोजी न्या. संजय किशन कौल आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सात निर्देश दिले. या प्रकरणापुरता त्यांचा गाभा असा: जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकामार्फत बंद्यापर्यंत पोहोचला पाहिजे आणि तारीख ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणकीय नोंद प्रणालीत चढली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. सचिवांनी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा विधी स्वयंसेवकाकडून आर्थिक-सामाजिक स्थितीचा अहवाल करून अटी शिथिल करण्यासाठी न्यायालयापुढे ठेवायचा. ‘बाहेर आलो तर जामीनदार आणतो’ असे बंद्याने म्हटले तर न्यायालय ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन देऊ शकते. एक महिन्यात हमीपत्र झाले नाही तर न्यायालय स्वतःहून प्रकरण हाती घेऊ शकते. आणि जामीनदार स्थानिकच हवा अशी अट घालू नये, कारण सुटका लांबण्याचे ते एक मोठे कारण आहे.

मग सातव्या दिवशी इशारा का गेला नाही? दोन कारणे. पहिल्या आदेशात आरोपीचे नाव आणि आडनाव होते, वडिलांचे नाव नव्हते; कारागृहाच्या नोंदीत वडिलांचे नाव होते पण आडनावाचे स्पेलिंग वेगळे. ईमेल आला, पण त्याची नोंद कोणत्या बंद्यापुढे करायची हे ठरले नाही आणि तारखेचा रकाना रिकामा राहिला. तारीखच नाही तर सात दिवस मोजणार कुठून? दुसरे कारण अधिक खोल आहे. सातव्या दिवशी तो दुसऱ्या गुन्ह्यातही कोठडीत होता आणि तिथे अजून जामीन व्हायचा होता. ‘तसाही सुटणार नव्हता’ म्हणून पहिल्या केसचा विचार थांबला. दुसरा जामीन झाला तेव्हा नेमके उलटे झाले: पहिल्या केसचे हमीपत्र बाकी आहे, मग दुसरीचे काय बघायचे! एकापेक्षा जास्त गुन्हे असलेला प्रत्येक बंदी या फटीत पडतो. यादी प्रकरणांची ठेवली तर तो दिसत नाही; माणसागणिक यादी ठेवली तरच दिसतो.

दर चौदा दिवसांनी व्हिडिओ कॉन्फरन्सवर कोठडी वाढत होती. पडद्यावर एकेकाला अर्धे मिनिट मिळते. या मुलाने त्या अर्ध्या मिनिटात एकदाही ‘साहेब, जामीन झालाय पण जामीनदार नाही’ असे म्हटले नाही, कारण असे म्हणता येते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. हे एक वाक्य बराकीत प्रत्येकाला पाठ करून द्यायला हवे. ते रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, उतरले की न्यायालयाला त्याकडे पाठ फिरवणे अवघड जाते.

२६व्या दिवशी बीडहून चुलता आला. त्याच्याकडे सातबारा होता, २ एकर कोरडवाहू. पण उताऱ्यावर चार भावांची सामाईक नावे आणि इतर हक्कात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. असा उतारा घेऊन तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला काढायला गेले की तलाठ्याचा अहवाल, मूल्यांकन, सहहिस्सेदारांची संमती, बोजा वजा जाता उरणारी किंमत, एवढे सगळे लागते. दाखला नव्हताच. आणि दुसऱ्या आदेशात ‘स्थानिक’ शब्द होता, त्यामुळे तिथे तर त्याचे कागद पाहिलेही गेले नाहीत. तो दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे घालवून परत गेला.

हा प्रश्न कित्येक दशकांपूर्वीच सुटायला हवा होता. १९७८ च्या ‘मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निर्णयात नेमकी हीच वस्तुस्थिती होती: गवंडीकाम करणारा आरोपी, १०,००० रुपयांची हमी, आणि भावाचा जामीन नाकारलेला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्या. कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले. निर्णय सर्वांना माहीत असतो, पण छापील नमुन्यातला ‘स्थानिक’ शब्द कोणी खोडत नाही.

३८व्या दिवशी: आधी काय तपासले

कारागृहातील विधी सहाय्य केंद्रात विधी स्वयंसेवकाशी त्याची भेट झाली ती ३८व्या दिवशी. तिथून पुढे कामाला दिशा मिळाली. सर्वांत आधी दोन्ही गुन्हे एका कागदावर आणले: गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलम, न्यायालय, अटकेची आणि एका गुन्ह्यातून दुसऱ्यात वर्ग केल्याची तारीख, जामीन आदेशाची तारीख, अट, पुढची तारीख, आणि नावाचे प्रत्येक कागदावरचे स्पेलिंग. हा शेवटचा रकाना सुटला तर शेवटच्या दिवशी रडावे लागते, ते पुढे येईलच.

मग इतर दारे बंद आहेत की उघडी हे पाहिले. कमाल शिक्षा ३ वर्षे असल्याने दोषारोपपत्राची मुदत ६० दिवसांची. ती चुकली तर कलम १८७(३) खाली जामिनाचा हक्क येतो. दोन्ही दोषारोपपत्रे मुदतीत दाखल होती. (आणि तो मार्गही शेवटी हमीपत्राशीच येऊन थांबतो.) कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ भोगला की त्याला सोडायचे असते, पण इथे तो काळ एक वर्ष होतो, शिवाय त्याच कलमाचे पोटकलम (२) एकापेक्षा जास्त प्रकरणे प्रलंबित असलेल्याला हा लाभ नाकारते. म्हणजे उरले एकच: अटी बदलून घेणे.

गरीब बंद्यांना आर्थिक साहाय्य देणारी केंद्राची योजना आहे. २०२३ च्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि कारागृहाचे प्रभारी न्यायाधीश यांची समिती न्यायाधीन बंद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत रक्कम न्यायालयात ठेवू शकत होती. अर्ज केला, पण त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नव्हता. योजना पैसे देते, जामीनदार देत नाही. आदेशात भरायची रक्कमच नसेल, नुसता ‘जामीनदार’ असेल, तर समितीने भरायचे काय? आधी न्यायालयाकडून ‘जामीनदाराऐवजी रोख’ असा आदेश घ्यावा लागतो, मगच योजना लागू पडते. हा क्रम उलटा केल्यामुळे पुष्कळ प्रस्ताव समितीपुढेच अडकतात.

वकीलपत्राचा गुंताही सोडवला. बंद्याने विधी सहाय्याचा अर्ज भरला, आधीच्या वकिलांनी ना हरकत लिहून दिली, आणि लोकअभिरक्षकांनी दोन्ही न्यायालयांत हजेरी लावली. तीन दिवस गेले. त्याला उपाय नव्हता.

दोन पानी अहवाल

आर्थिक-सामाजिक अहवाल ‘आरोपी अत्यंत गरीब आहे’ एवढ्या एका वाक्याचा असेल तर तो नसल्यातच जमा. न्यायालयाला दोनच गोष्टी हव्या असतात: हा माणूस तारखेला येईल का, आणि त्याला झेपेल अशी अट कोणती.

या अहवालासाठी परिवीक्षा अधिकारी लेबर कॅम्पवर गेले. ठेकेदाराच्या हजेरी वहीच्या १४ महिन्यांच्या पानांच्या छायाप्रती घेतल्या. खोलीत सोबत राहणाऱ्या दोघांचे जबाब घेतले. आईचा क्रमांक ऊसतोड टोळीच्या मुकादमाकडून मिळाला. ती कुठल्या कारखान्याच्या हद्दीत आहे आणि हंगाम कधी संपतो हे लिहिले. रोजगार ७०० रुपये, महिन्याला सरासरी २० ते २२ दिवस काम, त्यातून गावी पाठवायचे ५,०००. पूर्वीचा गुन्हा नाही. आणि शेवटी स्पष्ट आकडा: हे कुटुंब दोन आठवड्यांत ५,००० रुपये उभे करू शकते, त्याहून जास्त नाही. पत्त्याच्या रकान्यात ‘फिरस्ता’ऐवजी कॅम्पचा पत्ता, खोली क्रमांकासह.

अर्ज आणि त्यातल्या मागण्यांचा क्रम

दोन्ही न्यायालयांत एकाच नमुन्याचा अर्ज दिला, पहिल्यात ४४व्या आणि दुसऱ्यात ४५व्या दिवशी. मागण्या उतरत्या क्रमाने लिहिल्या: केवळ जातमुचलक्यावर सोडावे, ते नाही तर कलम ४९० प्रमाणे जामीनदाराऐवजी ५,००० रुपये रोख भरू द्यावेत, तेही नाही तर जामीनदार आणण्यासाठी चार आठवड्यांचा तात्पुरता जामीन द्यावा, आणि दुसऱ्या न्यायालयात, ‘स्थानिक’ हा शब्द काढावा व एकच जामीनदार दोन्ही प्रकरणांत चालवून घ्यावा. ही शेवटची मागणी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या २२ ऑगस्ट २०२४ च्या ‘गिरीश गांधी’ निर्णयावर टेकलेली होती. तिथे वेगवेगळ्या राज्यांत १३ गुन्हे असलेल्या आरोपीला प्रत्येक ठिकाणी वेगळे जामीनदार मिळणे अशक्य झाले होते, आणि त्याच जामीनदारांना अनेक प्रकरणांत उभे राहण्याची परवानगी दिली गेली.

एकच मागणी लिहिली आणि ती फेटाळली गेली की पुन्हा नवा अर्ज, पुन्हा सरकारी पक्षाचे म्हणणे, पुन्हा आठवडा. म्हणून पर्याय एकाच अर्जात घालायचे. ‘आम्हीच घातलेली अट आम्हाला बदलता येत नाही’ असे दंडाधिकाऱ्यांनी म्हटले तर थांबायचे नाही: कलम ४८३(१)(ब) दंडाधिकाऱ्याने घातलेली अट बदलण्याचा आणि कलम ४८४ हमीची रक्कम कमी करण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला देते. तो अर्जही तयार ठेवला होता. वापरावा लागला नाही.

४७व्या दिवशी पहिल्या न्यायालयाने १५,००० चा जातमुचलका आणि चार आठवड्यांसाठी जामीनदाराऐवजी ५,००० रोख, असा आदेश दिला. दुसरीकडे सरकारी पक्षाचा ‘से’ (लेखी म्हणणे) यायला वेळ लागला. ५४व्या दिवशी ‘स्थानिक’ शब्द निघाला, जामीनदार मात्र कायम राहिला, आणि तोच पहिल्या प्रकरणातही चालेल असे नमूद झाले.

पहिल्या आदेशानंतर लगेच ५,००० भरले नाहीत, हे मुद्दाम. शिक्षा झाल्यास आधी भोगलेली कोठडी कलम ४६८ खाली त्यातून वजा होते, पण फक्त त्याच प्रकरणातली. एकाच वेळी दोन प्रकरणांत कोठडीत असलेल्या आरोपीचे दिवस दोन्हीकडे मोजले जातात, हे २००१ साली ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नजाकत अलिया मुबारक अली’ या निर्णयाने ठरवले. पहिल्यात आधी हमीपत्र केले असते तर तो आतच राहिला असता, पण ते दिवस पहिल्या केसच्या खात्यात जमा झाले नसते आणि पैसेही अडकले असते. नियम सोपा: अटी सगळीकडे आधी सैल करून घ्या, हमीपत्रे सगळीकडे एकाच दिवशी द्या.

जामीनदार आणि शुक्रवारची दुपार

जामीनदार म्हणून त्याच्याच गावचा सेंटरिंग मिस्त्री तयार झाला; गेली ९ वर्षे भाड्याने याच जिल्ह्यात. जामीनदाराकडे जमीन किंवा घर असलेच पाहिजे असे संहितेत कुठेही लिहिलेले नाही. त्याची कागदपत्रे: आधार, पॅन, याच जिल्ह्यातले रेशनकार्ड, कामगार मंडळाचे ओळखपत्र, ठेकेदाराचे पगाराचे पत्र, सहा महिन्यांचे बँक पासबुक, दोन फोटो, आणि कलम ४८६ प्रमाणे आपण दुसऱ्या कोणाला जामीन नसल्याचे प्रतिज्ञापत्र. पासबुक उपयोगी ठरले. रोजंदारीवाल्याकडे पगारपावती नसते, पण दर आठवड्याला जमा होणारी रक्कम दिसते. जामीनदाराची पोलिसांकडून पडताळणी मागवली की आठ-दहा दिवस सहज जातात. कलम ४८५ न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर विश्वास ठेवण्याची मुभा देते. ती वापरावी अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. पहिल्या प्रकरणात रोख होती, म्हणून पडताळणीचा प्रश्नच नव्हता. ५,००० पैकी ३,००० आईने टोळीतल्या बायकांकडून जमवून पाठवले, २,००० मिस्त्रीने घातले. नाझरकडची (न्यायालयात रक्कम जमा करून घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडची) पावती आईच्या नावाने घेतली, कारण रक्कम परत मागताना पावतीवरचे नावच पाहिले जाते.

५७वा दिवस शुक्रवार होता. दुपारी दोन्ही हमीपत्रे झाली, दोन्ही सुटका आदेश निघाले. कारागृहात ते संध्याकाळी बराकी बंद होण्याच्या आधी पोहोचले. पहिला जुळला. दुसऱ्यावर वडिलांचे नाव चुकीचे होते, आणि कारागृहाने तो परत पाठवला. यावर रागावण्यात अर्थ नाही: चुकीचा माणूस सोडला तर तुरुंगाधिकाऱ्याची नोकरी जाते. चूक आदेशाच्या मसुद्यात होती, आणि स्पेलिंगचा तो रकाना ३८व्या दिवशी भरलेला असूनही न्यायालयाच्या लिपिकाला त्याची प्रत दिली नव्हती. शनिवार-रविवार गेले. दुरुस्त आदेश सोमवारी आला आणि ६०व्या दिवशी संध्याकाळी तो बाहेर पडला.

सुटल्यानंतर

दोन गोष्टी लगेच हाताळायच्या असतात. एक, चार आठवड्यांची मुदत. रोखीवर सुटलेला माणूस मुदतीत जामीनदार देत नाही, मुदतवाढही मागत नाही, तारखेला धास्तीने जातच नाही, मग अजामीनपात्र वॉरंट, कलम ४९१ खाली मुचलका जप्त, आणि न्याय संहितेच्या कलम २६९ खाली एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचा नवा गुन्हा. म्हणून विधी स्वयंसेवकाने सुटकेनंतर २१व्या दिवशी फोन करायचे ठरले होते. फोन झाला, मिस्त्री पहिल्या न्यायालयातही उभा राहिला, रोख परतीचा अर्ज दिला. दोन, रविवारची हजेरी. सेंटरिंगला सुट्टी स्लॅबच्या वेळापत्रकाप्रमाणे मिळते, वाराप्रमाणे नाही. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी हजेरी, असा बदल मागितला आणि मिळाला.

खटला पुढे कसा संपेल हे आत्ताच पाहून ठेवलेले बरे. कलम ३०३(२) मध्ये समाजसेवेची शिक्षा आहे, पण ती ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीला आणि पहिल्याच दोषसिद्धीला. दोन्ही मोबाइल त्याहून महाग. परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे कलम ६ एकवीस वर्षांखालील आरोपीसाठी, तेही लागू नाही. कलम ४ मात्र लागू होऊ शकते: दोष सिद्ध झाला तरी शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडता येते. त्याची एक पूर्वअट आहे: आरोपी किंवा त्याचा जामीनदार न्यायालयाच्या हद्दीत कायम राहणारा किंवा नियमित काम करणारा असला पाहिजे. म्हणजे पुन्हा पत्ताच. ४७व्या दिवशी न्यायालयात ठेवलेला दोन पानी अहवाल तेव्हाही उपयोगी पडेल, म्हणून त्याच्या साक्षांकित प्रती दोन्ही फायलींत लावून ठेवल्या.

न्यायालयाच्या नोंदीत मात्र अजून ‘रा. फिरस्ता’च होते. समन्स त्या पत्त्यावर निघतो आणि ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. पुढे वॉरंट, आणि मग फरारी घोषित करण्याची कार्यवाही. सुटकेनंतरच्या पहिल्याच तारखेला दोन्ही न्यायालयांत पत्ता दुरुस्तीचा अर्ज दिला, सोबत मिस्त्रीच्या खोलीचा नवा भाडेकरार. एका न्यायालयाने तो त्याच दिवशी मंजूर केला. दुसऱ्याने पोलिसांचे म्हणणे मागवले आहे.